बावडी म्हणायची, खोल

सुमंगलाबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. टेकडीवर देवीच्या काकड आरतीची घंटा व्हायची, त्याच्याही आधी. उठल्या की पहिलं काम दाराची कडी काढायची. चूल, पाणी, सासूबाईंचं सोवळं, सगळं त्यानंतर. बाहेर अंधार, घरात पुरुष माणूस नाही, आणि ही दार सताड उघडं टाकते म्हणून माई, म्हणजे त्यांच्या सासूबाई, रोज बोलायच्या.

"अगं, चोर शिरला म्हणजे?"

"शिरू दे. आपलं नेण्यासारखं आहे काय?"

"तुझं डोकं नेईल. तसंही ते ठिकाणावर नाहीच."

ही सवय त्यांना जन्माची नव्हती. ती कशी लागली ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी पहार माझ्या हातात होती.

मी देवासला दत्तोपंतांच्या छापखान्यात दांडा ओढायचो. हातछापखाना होता. जुळवलेल्या अक्षरांच्या फर्म्यावर शाईचा रूळ फिरवायचा, कागद बसवायचा, दांडा छातीपर्यंत ओढायचा, सोडायचा, कागद उचलून दोरीवर टाकायचा. पुन्हा रूळ. दांडा अर्धवट ओढला तर अक्षर फिकं येतं, हिसका दिला तर कागद फाटतो. ते काम मी केस पांढरे होईपर्यंत केलं. उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा खाली आहे. आमची माणसं दरबाराबरोबर इकडं आली. आजोबा घोड्यांचे नाल ठोकायचे. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि माळवी, असं आमचं तीन पिढ्या चाललं होतं.

दत्तोपंतांचं साप्ताहिक चार पानांचं होतं. सुमंगला त्यांची सख्खी भाची. माहेर धारचं. आई लहानपणी गेली, म्हणून निमाडातल्या जानकीबाई नावाच्या दाईनं तिला वाढवलं. लग्न देवासात झालं. नवरा माधव, शाळेत मास्तर, प्लेगात गेला. तेव्हा ही पंचविशीची असेल. केस तिनं काढू दिले नाहीत. त्यावरून भाऊबंदांनी येणं-जाणं तोडलं. माई मात्र तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. तोंडानं शिव्या द्यायच्या आणि उभ्या राहायच्या.

आधी त्या मामांकडे मजकूर तपासायला येत. मग स्वतः लिहू लागल्या. बाजारातला तूपवाला चरबी मिसळतो असं बोललं जायचं. या त्याच्या कढईशेजारी दोन दिवस जपमाळ घेऊन बसल्या, आणि चरबी कुठून येते, कोण आणतं, सगळं छापलं. एक मुलींची शाळा नुसती पाटीवर होती. या पाटी-दप्तर घेऊन सकाळी दाराशी गेल्या आणि दुपारपर्यंत एकही मुलगी आली नाही असं छापलं. गावात बायकांनी असं काही केलेलं कोणी ऐकलं नव्हतं. नावाच्या जागी 'एक बाई' एवढंच असायचं. लोक म्हणायचे, पुरुषच आहे, बाईच्या नावानं लिहितो. त्यांची पद्धत एकच. जी गोष्ट जिथं आणि ज्या वेळेला होते, तिथं त्या वेळेला जाऊन उभं राहायचं. पाय दुखतात. हे काम पायांचं आहे, असं त्या म्हणायच्या, आणि मला ते पटायचं.

आता बावडीचं.

देवासात तेव्हा एका गावात दोन राज्यं होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. मधून रस्ता. त्या रस्त्याला लागून एक जुनी पायऱ्यांची बावडी होती. फक्त मराठी घरांची. माळवी बायका आपल्या विहिरीवर जात, इकडं येत नसत. बावडीच्या पाठीला उमाशंकर ठेकेदाराचं पिठाचं गोदाम होतं. छावण्यांना आणि धर्मशाळांना तो पीठ पुरवायचा.

त्या वर्षी संक्रांतीपासून बावडीतून आवाज येऊ लागला. रात्री नाही, भर दुपारी. बायका धुणं घेऊन उतरल्या की खालून, पाण्याच्या अंगानं, बाईचा बारीक आवाज यायचा.

"खोल."

मग काही नाही. मग पुन्हा.

"खोल."

आणि पायरीवर बसलं तर दगड थरथरायचा. आतून घरघर यायची, मांजर पोटाशी धरल्यावर जाणवते तशी.

गावाला याचं कारण ठाऊकच होतं. फार मागं, त्या बावडीच्या मालकांच्या घरची भवानीबाई नावाची सून तिथं बुडाली होती. सासूनं काठावरून विचारलं, पाणी कुठवर आहे गं? ती खालून म्हणाली, खोल आहे, आणि पाय घसरला. तीच आता सांगते आहे, खोल, खोल, उतरू नका. मी लहान असताना ही गोष्ट ऐकत झोपलो आहे. तेव्हा आवाज नव्हता, नुसती गोष्ट होती.

सुमंगलाबाई चैत्रात एका दुपारी जाऊन उभ्या राहिल्या. आवाज ऐकला. परत आल्या आल्या लिहायला बसल्या आणि मथळा दिला, 'खोल म्हणणारी बावडी'. भवानीबाईची गोष्ट त्यात सबंध होती. तो अंक मला दोनदा छापावा लागला. दंडात गोळे आले. इंदुरातून, धारेतून लोक बावडी बघायला आले. दत्तोपंत खूश.

महिन्याभरात गावकऱ्यांनी ठरवलं, बावडी बुजवायची. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी भुताची शांती करायची, मग पायऱ्यांच्या तोंडाला भिंत घालून वरून दगडमाती लोटायची. विटा आणि चुना उमाशंकर ठेकेदार देणार, फुकट.

हे ऐकून सुमंगलाबाई लिहिता लिहिता थांबल्या. "फुकट?"

"पुण्याचं काम म्हणाला," दत्तोपंत म्हणाले.

"मामा, तो माणूस गोदामातला उंदीर मेला तर शेपटी विकेल."

"तू प्रत्येकात काहीतरी शोधतेस, सुमंगला. अगं, कधी कधी माणूस भितोही."

"कशाला भितो तेच विचारते आहे."

पण तेव्हा तेवढंच झालं.

शांतीच्या आदल्या दिवशीची दुपार. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटली होती. छापखान्याचं दार आम्ही आतून लावून घेतलं होतं, कागद उडू नयेत म्हणून. मी रूळ पुशीत होतो. सुमंगलाबाई टेबलाशी लिहीत होत्या. दारावर थापा पडल्या.

"ए भिया! खोल! अरे खोल नी, माथो बळी रियो हे!"

ककडीवाली यमुनाबाई. रोजची. मी उठलो.

"थांब," सुमंगलाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज असा होता की मी हात कडीवर ठेवून तसाच उभा राहिलो.

"खोल!" बाहेरून पुन्हा.

त्यांनी स्वतः येऊन दार उघडलं. यमुनाबाई टोपली घेऊन आत घुसली. "कंई बाई, सोई गया था कंई?"

"यमुनाबाई, दारात काय म्हणालात तुम्ही?"

"खोल, यो कियो. किवाड़ बंद होय तो और कंई केणो? आरती गाणी कंई?" ती माझ्याकडे वळली. "ककड़ी लेनी होय तो ले भिया, बाई की तबियत ठीक नी दिखे."

सुमंगलाबाई भिंतीला टेकल्या होत्या.

"तुकाराम, खोल म्हणजे काय रे?"

"खोल म्हणजे खोल. विहीर असते तशी."

"आणि हिचं खोल?"

रूळ हातात होता, त्याची शाई माझ्या पायावर ठिबकत होती ते मला नंतर दिसलं.

"हिचं खोल म्हणजे उघड," त्याच म्हणाल्या. "दूधवाल्याशी आपण हिंदी बोलतो, हिच्याशी माळवी बोलतो. आणि बावडीतलं भूत तेवढं मराठी. का, तर ते आपल्या घरचं." मग अगदी हळू म्हणाल्या, "मी जिवंत बाईला भूत केलं, तुकाराम. छापून. आणि उद्या तिच्यावर भिंत घालताहेत."

आम्ही तसेच निघालो. डोक्यावर पंचा ओला करून टाकला. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. बावडीच्या काठावर विटांचे ढीग रचून ठेवले होते, चुना भिजत घातला होता. गवंडी जेवायला गेलेले.

उतरलो. वरच्या पायऱ्यांवर पाय भाजत होते. वळण घेतलं आणि एकदम गार. इतकं गार की घाम अंगावर थिजला. अशा बावडीत कबुतरं असतात. तिथं एकही नव्हतं. पाणी हिरवं, हलत नव्हतं. समोरच्या भिंतीत, पाण्याच्या वर, हात पोचणार नाही अशी एक दगडी जाळी होती. मी ती शंभरदा पाहिली होती. जाळीखालचा दगड पांढरा झाला होता. मला वाटलं चुना. अलीकडच्या कठड्यावरही तेच उडालं होतं. सुमंगलाबाईंनी ते बोटानं पुसून जिभेला लावलं.

"पीठ आहे."

पायाखाली घरघर सुरू होती. मग ती थांबली. आणि आवाज आला. जाळीतून आला असं मी म्हणेन, पण शपथ घालू नका. तो पाण्यावरूनही आला, आणि माझ्या मागूनही.

"खोल."

मी आयुष्यात पुष्कळ ओझी उचलली. त्या क्षणी मला माझाच पाय उचलेना.

सुमंगलाबाई शेवटच्या कोरड्या पायरीवर गेल्या. जानकीबाईच्या निमाडीत, लहानपणी बोलायच्या त्या बोलीत, त्यांनी विचारलं,

"कंई खोलूं, बाई?"

उत्तर अगदी जवळून आलं, कानाशी बोलावं तसं,

"किवाड़."

वर आल्यावर त्या उन्हात उभ्या राहिल्या. "भवानीबाई किवाड़ म्हणाली नसती," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी संध्याकाळपर्यंत घरं पालथी घातली. कोणी ऐकेना. बावडी आणि गोदाम एका पातीत, ठेकेदार दुसऱ्या पातीचा; त्याला हात कोणी लावायचा? आणि सांगायचं काय, तर भुताला हिंदी येतं. एक आजोबा म्हणाले, "बाई, तूच छापलंस ना, भवानी आहे म्हणून? आता तूच म्हणतेस नाही. कोणत्या अंकावर विश्वास ठेवायचा?" त्या उठून पुढच्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी शांतीचा विधी झाला. सगळी आळी काठावर. होमाचा धूर वर न जाता पायऱ्यांवरून खाली उतरत होता, कोणी ओढून घेतल्यासारखा. उमाशंकर ठेकेदार नवा फेटा बांधून पुढं उभा होता. गवंड्यानं पहिली वीट उचलली, तेव्हा सुमंगलाबाई गर्दीतून निघून पायऱ्या उतरल्या. मी मागोमाग. पहार घेऊनच आलो होतो.

"ओ बाई, ओ!" ठेकेदार ओरडला. "तमाशो मत करो!"

त्यांनी खालच्या पायरीवरून हाक घातली. "बाई, मैं आई गई. बोल!"

काही नाही.

"बोल, बाई!"

घरघरही बंद. वरून कोणीतरी हसलं. "भूत जेवायला गेलंय वाटतं." आणखी हसले. कालचे ते आजोबा म्हणाले, "सुमंगला, वर ये. माधवचं नाव घालवू नकोस." गर्दीत माई होत्या. त्यांनी आजोबांना सुनावलं, "माधवचं नाव तिनंच लावलंय, तुम्ही नाही. गप बसा."

ठेकेदार पुन्हा मोठ्यानं बोलला, "लगाव भिया, ईंट लगाव!" आणि तेव्हा सुमंगलाबाईंच्या लक्षात आलं. मला म्हणाल्या, "त्याचा आवाज आत जातो आहे. तो बोलतो आहे तोवर कोणी बोलणार नाही."

मग त्यांनी पायरीवर पडलेली एक वीट घेतली आणि भिंतीवर मारली. जशी दारावर थाप मारतात तशी. ठक, ठक. थांबल्या. पुन्हा ठक, ठक.

आतून उत्तर आलं. ठक, ठक.

वरचं हसणं गेलं. गवंड्याच्या हातातली वीट सुटून पाण्यात पडली. वर्तुळं भिंतीपर्यंत जाऊन विरली. मग आतून पुन्हा, जोरात, अनेक हातांनी.

गोदामाचं कुलूप मी तोडलं. लोखंडी, मुठीएवढं. पहार कोयंड्यात घालून अंगाचा सगळा भार दिला, तरी हलेना. दोन गवंडी येऊन लोंबकळले तेव्हा कोयंडा चौकटीसकट उपटला. पोत्यांच्या थप्पीमागं दुसरं दार होतं, बाहेरून अडसर घातलेलं. तो अडसर सुमंगलाबाईंनी काढला. मला काढू दिला नाही.

आत जिना, खाली लांबट तळघर. जाळीतून येणारा तेवढाच उजेड. त्यात जाती मांडलेली आणि जात्यांशी बायका. पायांत दोर. केस, भुवया, पापण्या, ओठ, सगळं पिठानं पांढरं. डोळे तेवढे काळे. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि माझ्यामागचे दोघे गवंडी ओरडत वर पळाले. मी पळालो नाही, कारण जिना अरुंद होता.

बायका निमाडातल्या, निसरपुराकडच्या होत्या. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात ठेकेदारानं पोटाला घालतो म्हणून आणल्या आणि मग सोडल्याच नाहीत. दळायचं, खायचं, दळायचं. जातं किती जड असतं ते ज्यानं ओढलं त्याला विचारा. त्यांचे तळवे जात्याच्या दगडासारखेच झाले होते.

सुमंगलाबाईंनी त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हातारीचे हात धरले. "काल कोण बोललं माझ्याशी? हाक कोण मारायचं?"

म्हातारीच्या घशातून आवाज निघेना. पिठानं घसा बसला होता. सगळ्यांचेच तसे. कुजबुजल्यासारखं ती म्हणाली, "दुर्गा."

"कोणती दुर्गा? कुठं आहे?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग म्हातारीनं कोपऱ्याकडे हात केला. तिथं एक जातं रिकामं होतं. त्याच्यामागं फरशी उकलून पुन्हा बसवलेली.

"वा तो होळी पर मरी गई."

सुमंगलाबाईंनी चैत्रात ऐकलं होतं. मी आदल्या दिवशी ऐकलं होतं. होळी केव्हाच होऊन गेली होती. मी म्हातारीला विचारलं, मग काल कोण? तिनं मान हलवली. "हम भी सुणां था," ती म्हणाली. त्याही ऐकत होत्या.

ठेकेदार त्या गोंधळात रस्ता ओलांडून गेला. रस्ता ओलांडला की दुसरं राज्य. नंतर तो देवासात दिसला नाही. दुर्गाला बाहेर काढून टेकडीच्या पायथ्याशी माती दिली. बायका गावाकडे गेल्या.

मजकूर सुमंगलाबाईंनी दोन दिवसांत लिहिला. बायका जे बोलल्या ते त्यांच्याच बोलीत.

"मराठी पत्रात ही बोली?" दत्तोपंत म्हणाले. "भाषांतर कर."

"एकदा केलं ना, मामा. काय झालं पाहिलंत."

आमच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांत, 'किवाड़'चा टिंबवाला ड नव्हता. साधा ड लावून चालणार नाही, त्या म्हणाल्या. मग मी छापलेल्या प्रत्येक कागदावर सुईच्या टोकानं शाईचं टिंब हातानं दिलं. त्याला छपाईपेक्षा जास्त वेळ लागला. डोळे शिणून गेले, पण एकही टिंब चुकलं नाही. त्या अंकापासून दत्तोपंत त्यांना मेहनताना देऊ लागले, आणि 'एक बाई' जाऊन सुमंगला माधव दिघे हे नाव छापून येऊ लागलं.

चैत्रातला आवाज कोणाचा, ते त्यांनी लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाहिलं नाही ते छापत नाही. आधी छापलं होतं तेवढं पुरे."

पुढं त्यांनी पुष्कळ वर्षं लिहिलं. धारेपासून पीपलरावां गावापर्यंत पायी आणि बैलगाडीनं हिंडल्या. माणूस बोलेल ती बोली तशीच टिपायच्या. बावडीतून पुन्हा आवाज आला नाही. पण त्यांना पहाटे चारला यायचा, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. स्वप्नात नाही, जागं होताना. उठून कडी काढली की थांबायचा.

माई काशीला जाऊ म्हणायच्या. सुमंगलाबाई कमाई साठवीत राहिल्या, आणि माईंना वाटलं ती काशीसाठीच. मग एका फाल्गुनात त्या मला घेऊन धारेला गेल्या. पाथरवटाकडून त्यांनी एक उभा दगड घडवून घेतला. दुर्गाच्या लोकांमध्ये, मेलेल्या माणसासाठी गावच्या शिवेवर असा दगड उभा करतात. तो उभा राहिला नाही तर गेलेलं माणूस घरी पोचत नाही, असं ते मानतात. माईंना हे कळलं तेव्हा त्या नाक मुरडून म्हणाल्या, "बरं केलंस. काशी कुठं पळून जातेय?"

दगड मी आणि गाडीवानानं चढवला. निसरपुराकडची उतरण वाईट. चाकाला सारखी अडण लावावी लागली. शिवेवर खड्डा मी खणला, कंबरभर, कारण नर्मदेकडची माती भुसभुशीत असते. म्हातारी तेव्हा जिवंत होती. तिनं दगडाला शेंदूर लावला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली.

दगडावर एक बाई कोरली आहे आणि तिच्यामागं दार. पाथरवटानं धारेला असतानाच विचारलं होतं, "दाराला कडी कोरू का, बाई? शोभेल."

"नको," सुमंगलाबाई म्हणाल्या, आणि त्याचे पैसे मोजून दिले.